नदी काळी पडली तर: सांडपाण्याचं तोंड शोधण्यापासून हरित न्यायाधिकरणापर्यंत

कारखान्याच्या पाण्याने नदी नासली, हे काठावरच्या गावात सगळ्यांना ठाऊक असतं. कागदावर मात्र ते क्वचित टिकतं. बहुतेक तक्रारींत नदीचं वर्णन असतं: पाणी काळं झालं, वास सुटला, मासे मेले. कायद्याचे प्रश्न वेगळे असतात. कुठल्या जागेतून, किती वाजता, किती आणि कसलं पाणी बाहेर पडलं? याचं उत्तर तक्रारीत नसलं की अधिकारी येतात, पात्रातलं पाणी भरून नेतात, 'प्रदूषण आढळले, स्रोत निश्चित नाही' असा शेरा मारतात आणि प्रकरण तिथेच मिटतं. म्हणून या लेखातली सगळी धडपड नदीपेक्षा सांडपाण्याच्या तोंडाभोवती आहे.

उदाहरणं पंचगंगा-कृष्णेच्या पट्ट्यातली घेतली आहेत. साखर कारखाने, आसवन्या (अल्कोहोल गाळणारे कारखाने), इचलकरंजीचे कापड प्रोसेस, शिरोली-गोकुळ शिरगावच्या फौंड्र्या, हुपरीचं चांदीकाम आणि वर शहरांचं मैलापाणी असं सगळं एकाच खोऱ्यात मिसळतं. तिथे जी पद्धत चालते ती पाताळगंगा, वाशिष्ठी किंवा नीरेवरही चालेल.

आधी जॅकवेल बंद

पुरावा गोळा करण्याच्या नादात हे राहून जातं. पाणी बदललेलं दिसलं की पहिला फोन खालच्या अंगाच्या गावांच्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्याला करा. जॅकवेलमधून, म्हणजे नदीकाठच्या उपसा विहिरीतून, पाणी खेचणारी मोटर थांबली पाहिजे. क्लोरीन जंतू मारतो. रंग, क्षार, धातू किंवा आसवनीचं पाणी त्याने जात नाही. उलट सेंद्रिय घाण जास्त असेल तर टाकलेला क्लोरीन तिच्यातच खर्च होतो आणि जंतूंसाठी उरतच नाही. शेतीपंप आणि जनावरांचे पाणवठे यांचीही दवंडी त्याच वेळी द्यावी.

रंग, वास आणि फसगत

नुसत्या डोळ्यांनी निदान करू नये, पण शोध कुठल्या दिशेने सुरू करायचा हे डोळे आणि नाक सांगतात.

आसवनीचं पाणी, म्हणजे स्पेंट वॉश, गडद तपकिरी, आम्लधर्मी आणि जळक्या गुळासारख्या वासाचं असतं. एक लिटर अल्कोहोलमागे साधारण ८ ते १५ लिटर स्पेंट वॉश निघतं. त्याची बीओडी, म्हणजे त्यातली घाण कुजताना जंतूंना लागणारा प्राणवायू, लिटरला ४०-५० हजार मिलिग्रॅमपर्यंत जाते. हिशेब करून पाहा: २० हजार लिटरचा एक टँकर, बीओडी ५० हजार, म्हणजे १,००० किलो प्राणवायूची भूक. नदीच्या बऱ्या पाण्यात लिटरमागे ७ मिलिग्रॅम प्राणवायू धरला, तर हा एकच टँकर सुमारे १४ कोटी लिटर पाण्यातला प्राणवायू फस्त करू शकतो. बंधाऱ्यात अडलेल्या, मंद पाण्यात एवढ्याने मासे मरायला वेळ लागत नाही. कोल्हापूर-सांगलीकडे याला सरसकट 'मळीचं पाणी' म्हणतात. तक्रारीत मात्र मळी, स्पेंट वॉश आणि साखर कारखान्याचं सांडपाणी वेगवेगळं लिहा. तिन्हींचा उगम कारखान्याच्या वेगवेगळ्या भागांत असतो.

कापड प्रोसेसचं पाणी रंगीत आणि कोमट असतं, पीएच बहुधा ९ च्या वर, क्षार भरपूर. रंग रोज बदलतो, कारण रोज वेगळा लॉट चालतो. हा रोजचा बदल टिपून ठेवला तर तोच पुरावा होतो. मैलापाणी करडं-काळं असतं आणि त्याला कुजक्या अंड्याचा वास येतो.

सगळ्यात फसवं पाणी इलेक्ट्रोप्लेटिंगचं. कधी ते चक्क स्वच्छ दिसतं आणि त्यात क्रोमियम किंवा सायनाइड असतं. उलट बंधाऱ्याखाली दिसणारा पांढरा फेस पुष्कळदा घराघरांतल्या साबण-डिटर्जंटचा निघतो. फेसाचे फोटो वर्तमानपत्रात छान दिसतात, पण कारखान्याविरुद्ध त्यांचा उपयोग फार थोडा.

मासे कसे मेले हे नीट पाहा. पहाटे मोठे मासे आधी मेले, ते पृष्ठभागावर तोंड उघडून होते आणि मरळ-मागूर तगले, तर प्राणवायू संपला असं समजावं. मरळ आणि मागूर हवेतला प्राणवायू घेऊ शकतात. लहानमोठे सगळे, दिवसा कुठल्याही वेळी, एकदम मेले तर विषारी रसायनाचा संशय घ्यावा. पहिल्या प्रकारात कारखाना दोषी असेलच असं नाही. जलपर्णी आणि शेवाळ रात्री प्राणवायू ओढून घेतात, त्यामुळे मैलापाण्याने माजलेल्या डोहातही पहाटे असंच घडतं.

आणखी एक गोष्ट पंचगंगेवर दर वर्षी दिसते. केटी, म्हणजे कोल्हापूर पद्धतीच्या, बंधाऱ्यांत महिनोन् महिने साचलेलं पाणी बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) काढल्यावर एकदम खाली जातं. शिरोळला मासे मेले म्हणजे घाण त्याच दिवशी सुटली असं नव्हे. ती वरच्या तेरवाड बंधाऱ्याच्या फुगवट्यात आधीपासून बसलेली असू शकते. म्हणून बरगे कधी काढले याची तारीख पाटबंधारे विभागाकडून घ्या. ती नसेल तर कारखान्याचा वकील पहिल्याच फटक्यात तुमचा कालक्रम मोडतो.

वरच्या अंगाला चालत जा

नदी सेकंदाला ३० सेंटिमीटर वेगाने वाहत असेल तर दिवसात २६ किलोमीटर जाते. दोन दिवसांनी येणाऱ्या अधिकाऱ्याला तुमच्या घाटावर सापडणार काय? म्हणून मासे दिसले तिथे थांबू नका, वर जा.

खिशात तीन स्वस्त उपकरणं ठेवा: पीएच पेन, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) किंवा विद्युतवाहकता मोजणारं पेन, आणि तापमापी. पीएच पेन निघण्याआधी ४, ७ आणि ९.२ च्या बफरने (ठरलेल्या पीएचच्या द्रावणाने) जुळवून घ्या. न जुळवलेल्या पेनाचा आकडा कुणीही उडवून लावतो. दर नाल्याच्या मुखाशी तीन ठिकाणी मोजा: मुखाच्या वर साधारण १०० मीटरवर, मुखातच, आणि खाली जिथे पाणी पूर्ण मिसळलं असेल तिथे. रंगाचा पट्टा एका काठाने चालला असेल तर मिसळणं अजून झालेलं नाही, आणखी खाली जा. ज्या नाल्यापाशी वाहकता किंवा तापमान उडी मारतं, त्या नाल्यात वळा आणि तेच पुन्हा करा. असं करत करत एखाद्या कुंपणाखालचा पाइप, एमआयडीसीचा ओसंडणारा चेंबर किंवा टँकरच्या चाकांच्या खुणा असलेली जागा सापडते.

कुंपणाच्या आत जाऊ नका. तुमचं घुसणं हाच मग विषय होतो. चेंबरचं झाकण उघडून वाकू नका. हायड्रोजन सल्फाइड वासाने कळतो, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. २०१४ मध्ये उल्हासनगरला वालधुनीच्या पात्रात टँकरने रसायन ओतल्यावर काठच्या शेकडो लोकांना श्वासाचा त्रास झाला होता. एकट्याने, रात्री, टँकरच्या मागे लागणं हे धाडस नव्हे. नंबर टिपा, ११२ ला फोन करा.

फोटो काढताना जागा आणि वेळ छापणारं कॅमेरा ॲप वापरा. पहिला फोटो दूरचा, ज्यात ओळखता येईल अशी खूण असेल: पूल, विजेचा खांब, कारखान्याची चिमणी. दुसरा पाइपचा. आणि एक सलग व्हिडिओ, ज्यात कॅमेरा पाइपवरून न थांबता नदीपर्यंत जातो. मूळ फाइल त्याच फोनमध्ये राहू द्या. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या प्रतीतून जागेची आणि वेळेची मूळ माहिती निघून जाते. भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खाली डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश किंमत (तिचा अंकीय ठसा) नोंदवावी लागते. फोन विकून टाकला असेल तर हे प्रमाणपत्र देणं अवघड होऊन बसतं.

पंचनामा त्याच दिवशी. तलाठी आणि ग्रामसेवकांना बोलवा, मासे मेले असतील तर मत्स्यव्यवसाय विभागालाही कळवा. पंचनाम्यात गट क्रमांक, नाल्याचं स्थानिक नाव, वेळ, माशांच्या जाती आणि अंदाजे वजन, पाण्याचा रंग, पेनवरचे आकडे आणि पंचांच्या सह्या असाव्यात. 'अज्ञात कारणाने' हा शब्द पंचनाम्यात येऊ देऊ नका. कारण लिहायचंच नाही, जे दिसलं तेवढंच लिहायचं. माशांचा नमुना द्यायचा तर तडफडणारा किंवा नुकता मेलेला मासा बर्फात द्या. फुगून तरंगणारा मासा काही सांगत नाही, आणि फॉर्मालिनमध्ये बुडवलेल्या माशातून रसायन शोधणं कठीण होतं.

नमुना: बाटलीत पाणी भरणं एवढंच नसतं

ज्या प्रयोगशाळेत देणार तिच्याशी आदल्या दिवशीच बोलून बाटल्या आणून ठेवा. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता आहे का, आणि ती नेमक्या त्या घटकासाठी आहे का, हे विचारा. मान्यता घटकानुसार असते. पर्यावरण संरक्षण कायद्याखाली मान्यता असलेली प्रयोगशाळा मिळाली तर उत्तम.

बीओडी, पीएच आणि घन पदार्थांसाठी दोन लिटरची प्लास्टिक बाटली चालते. ती त्याच पाण्याने तीनदा विसळून, तोंड प्रवाहाकडे करून, पृष्ठभागाखाली २०-३० सेंटिमीटरवर भरा. वरचा तवंग आणि तळाचा गाळ दोन्ही टाळा. बर्फाच्या पेटीत ठेवा आणि २४ तासांच्या आत पोचवा. उन्हात बोनेटवर ठेवलेल्या बाटलीत बीओडी उतरत जाते. म्हणजे उशीर तुमच्या विरुद्ध आणि कारखान्याच्या बाजूने काम करतो.

सीओडीची, म्हणजे घाण रसायनाने पूर्ण जाळायला लागणाऱ्या प्राणवायूच्या मापाची, बाटली वेगळी, त्यात सल्फ्युरिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली. धातूंची वेगळी, नायट्रिक आम्लाची. सायनाइडचा संशय असेल तर उलट, कॉस्टिक घालून पीएच १२ च्या वर. सायनाइडच्या बाटलीत चुकून आम्ल पडलं तर विषारी वायू निघतो. म्हणून आम्ल-अल्कली स्वतः हाताळू नका, प्रयोगशाळेकडूनच घातलेली आणि नाव लिहिलेली बाटली घ्या. अशी बाटली विसळायची नाही. तेल-ग्रीससाठी काचेची रुंद तोंडाची बाटली लागते. तीही विसळायची नाही, काठोकाठ भरायची नाही.

विरघळलेला प्राणवायू बाटलीत टिकत नाही. तो जागेवरच मीटरने मोजा, किंवा ३०० मिलिलिटरच्या बीओडी बाटलीत बुडबुडा न राहू देता भरून तिथेच रसायनांनी स्थिर करा. मोजायची वेळ पहाटेची, उजाडण्यापूर्वी. दुपारी शेवाळ प्राणवायू सोडतं आणि मरणासन्न डोहसुद्धा निरोगी दिसतो.

बाटलीवर नाव, जागा, वेळ लिहा, झाकणावर सही केलेली कागदी पट्टी चिकटवा, आणि कुणी कुणाला किती वाजता दिली याचा एक कागद सोबत ठेवा.

आकडे आले की कशाशी ताडायचे? नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्याची सर्वसाधारण मर्यादा अशी: पीएच ५.५ ते ९, तरंगते घन पदार्थ १००, बीओडी ३० (२७ अंशाला ३ दिवसांची), सीओडी २५०, तेल-ग्रीस १०, एकूण क्रोमियम २, षट्‌संयुजी क्रोमियम ०.१, शिसं ०.१, सायनाइड ०.२; सगळं लिटरला मिलिग्रॅममध्ये, अर्थात पीएच सोडून. पण खरी मर्यादा प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारखान्याला दिलेल्या संमतीपत्रात असते आणि ती याहून कडक असू शकते. संमतीपत्रात 'शून्य विसर्ग' लिहिलं असेल तर आकड्यांची चर्चाच नको. बाहेर पडलेला पहिला थेंबही उल्लंघन आहे. पात्रातल्या पाण्याला ही मर्यादा लावणं मात्र चूक. अंघोळीच्या दर्जाच्या नदीत बीओडी ३ च्या आत आणि प्राणवायू ५ च्या वर असावा लागतो.

मैला की कारखाना, या वादात सीओडीला बीओडीने भागून पाहतात. मैलापाण्यात उत्तर साधारण २ च्या आसपास येतं, रासायनिक सांडपाण्यात ३-४ च्या पुढे जातं. पण साखर आणि आसवनीचं पाणी सहज कुजणारं असल्याने तिथे हा भागाकार मैल्यासारखाच येऊ शकतो. तेव्हा रंग, पीएच, पोटॅशियम आणि सल्फेट यांच्याकडे पाहावं लागतं. शहराचा नाला वर मिळत असेल तर त्याच्या वर आणि खाली दोन्हीकडे नमुना घ्याच, नाहीतर कारखाना सगळं खापर पालिकेवर फोडतो. आणि खरं सांगायचं तर काही वेळा ते बरोबरही असतं; पंचगंगेत कोल्हापूर शहराच्या जयंती नाल्यासारख्या नाल्यांचा वाटा झाकून कुठलीही तक्रार प्रामाणिक होत नाही.

किती पाणी? हा आकडा कुणीच देत नाही

तक्रारीला वजन येतं ते इथे. नाल्याचा सरळ १० मीटरचा तुकडा मोजा, त्यात संत्र्याची साल टाका आणि वेळ घ्या. समजा २५ सेकंद लागले, म्हणजे वेग सेकंदाला ०.४ मीटर. रुंदी १.२ मीटर, सरासरी खोली ०.१५ मीटर. तिन्हींचा गुणाकार करून ०.८ ने गुणा, कारण पृष्ठभागापेक्षा तळाचं पाणी संथ असतं. उत्तर सेकंदाला सुमारे ५८ लिटर, दिवसाला जवळपास ५० लाख लिटर, म्हणजे ५,००० घनमीटर. आता संमतीपत्र उघडा. तिथे ३०० घनमीटर लिहिलं असेल, तर प्रक्रिया नीट झाली की नाही हा प्रश्न दुय्यम ठरतो. पाइप असेल तर २० लिटरची बादली आणि घड्याळ पुरे.

तक्रार कुणाकडे, कशी

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक अधिकाऱ्याकडे. कोल्हापूर, सांगली, रत्नागिरी, चिपळूण अशी ही कार्यालयं आहेत. आधी फोन, लगेच ईमेल, आणि दुसऱ्या दिवशी आवक शिक्क्यासह लेखी अर्ज. प्रत प्रादेशिक अधिकारी, मंडळाचे सदस्य सचिव, जिल्हाधिकारी आणि पाणीपुरवठ्याचा प्रश्न असेल तर जिल्हा परिषदेला. 'आपले सरकार' संकेतस्थळावरही टाका. तिथे निदान क्रमांक मिळतो आणि उत्तर द्यावं लागतं.

अर्ज एका पानाचा असावा. मजकूर साधारण असा:

'दि. … रोजी पहाटे ५.४० वाजता मौजे … येथील गट क्र. … लगतच्या … ओढ्यातून गडद तपकिरी सांडपाणी नदीत मिसळताना आढळले. अक्षांश-रेखांश … . मुखाच्या वर पीएच ७.८, मुखात ४.६, खाली ६.१. विसर्ग अंदाजे सेकंदाला … लिटर. पंचनामा, छायाचित्रे व प्रयोगशाळा पावती सोबत. जल अधिनियम १९७४ च्या कलम २१ नुसार मुखाशी व कारखान्याच्या अंतिम विसर्गस्थानी तत्काळ नमुने घ्यावेत, कलम २३ नुसार तपासणी करावी, आणि तपासणीच्या वेळी अर्जदारास उपस्थित राहण्यास कळवावे.'

कारखान्याचं नाव खात्री असेल तरच लिहा, नाहीतर 'ओढ्याच्या वरच्या बाजूच्या सर्व उद्योगांची तपासणी' मागा. 'कठोर कारवाई करावी' या वाक्याने काहीच होत नाही. कलम आणि कृती मागितली की उत्तरातही कृती लिहावी लागते.

अधिकारी आले की कुठे पाहायचं

क्षेत्र अधिकारी येतो, पाहणी अहवाल लिहितो, नमुना घेतो. मंडळाच्या बोलीत त्याला जेव्हीएस म्हणतात, संयुक्त दक्षता नमुना. हा नमुना आणि कलम २१ चा कायदेशीर नमुना यांत फरक आहे. कायदेशीर नमुन्यासाठी जागेवरच कारखानदाराला नोटीस द्यावी लागते, त्याच्या समोर नमुन्याचे दोन भाग करावे लागतात, दोन्हींवर मोहोर आणि दोघांच्या सह्या लागतात. कारखानदार मुद्दाम गैरहजर राहिला तर तशी लेखी नोंद करून अधिकारी एकट्याच्या सहीने पुढे जाऊ शकतो. यातली एक पायरी गाळली की पुढे न्यायालयात अहवालच बाद ठरतो. तुम्ही तिथे उभे असाल तर एवढंच विचारा: नमुना कलम २१ खाली घेतलाय का, आणि पाहणी अहवालात तशी नोंद आहे का?

कारखान्याच्या आत तुम्हाला जायला मिळेलच असं नाही. पण कुठल्या नोंदी पाहाव्यात हे अर्जात आधीच लिहून ठेवता येतं. लबाडी बहुतेक तिथेच सापडते.

ईटीपीचा, म्हणजे कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा, वीजमीटर वेगळा असतो. महिनाभर ब्लोअर (टाकीत हवा सोडणारं यंत्र) चालल्याचं रजिस्टर सांगतं आणि मीटर सांगतो की चाललाच नाही. पाण्याचं बिल आणि विसर्गाचे आकडे यांचं गणित जुळतं का? ईटीपी खरंच चालत असेल तर गाळ निघतो. तो घातक कचऱ्यात मोडत असेल तर त्याची मॅनिफेस्टसह (वाहतुकीच्या नोंदपत्रासह) रवानगी दिसली पाहिजे. गाळच नाही म्हणजे प्रक्रियाही नाही. शेवटच्या टाकीत स्वच्छ पाण्याचा नळ सोडलेला असतो, त्याने आकडे मर्यादेत बसतात. टीडीएस पाहिला तर हे उघड होतं, कारण आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाण्याच्या टीडीएसमध्ये साध्या प्रक्रियेने मोठी घट होतच नाही. प्रक्रिया टाळून पाणी बाहेर काढणारा बायपास पाइप इक्वलायझेशन टाकीच्या (सांडपाणी आधी एकत्र करायच्या टाकीच्या) मागे, गवतात असतो. आसवनीचे लगून (स्पेंट वॉश साठवायचे तलाव) पावसाळ्यापूर्वी काठोकाठ असतील तर पहिल्या वळवात ते 'फुटणार', हे लिहून ठेवावं.

ऑनलाइन मापक यंत्रणा बसवलेली आहे, हे उत्तर नेहमी मिळतं. २०१४ पासून जास्त प्रदूषणकारी अशा १७ प्रकारच्या उद्योगांना ती बंधनकारक आहे आणि आसवन्या, साखर कारखाने त्यात येतात. पण सेन्सर मुख्य पाइपवर असतो, बायपासवर नाही. दिवसचे दिवस एकच सरळ रेषा दाखवणारा आलेख हा स्वच्छतेचा पुरावा मानू नका. बहुधा सेन्सर कोरडा असतो किंवा बादलीत बुडवलेला.

नोटिशींचा जिना

अहवाल यायला वेळ लागतो, कारण बीओडीची चाचणीच ३ दिवसांची. त्यानंतर मंडळाची कागदं एका ठरलेल्या क्रमाने चढतात: कारणे दाखवा नोटीस, प्रस्तावित निर्देश, अंतरिम निर्देश, आणि शेवटी जल अधिनियमाच्या कलम ३३अ खाली बंदचा आदेश. त्यात वीज तोडायला महावितरणला आणि पाणी तोडायला एमआयडीसीला लिहितात. प्रस्तावित निर्देशांवर हरकत घ्यायला कारखान्याला किमान १५ दिवस द्यावे लागतात. पर्यावरणाला गंभीर इजा होण्याची शक्यता असेल तर कारणं नोंदवून ही संधी न देताही आदेश काढता येतो. मासे मेलेत आणि जॅकवेल बंद आहे अशा वेळी पाठपुराव्यात नेमकं हेच मागा.

'नोटीस दिली' या उत्तरावर समाधान मानू नका. ती कितव्या पायरीची आहे ते विचारा. पहिल्या पायरीवर वर्षानुवर्षं रेंगाळलेली प्रकरणं सगळ्या खोऱ्यांत सापडतात.

दंडाचं सूत्र केंद्रीय मंडळाने ठरवलेलं आहे: प्रदूषण निर्देशांक × दिवस × रुपयांचा गुणक × उद्योगाचा आकार × ठिकाण. निर्देशांक लाल, म्हणजे सर्वांत प्रदूषणकारी, वर्गाला ८०, नारिंगीला ५०, हिरव्याला ३०. गुणक सहसा २५०. मोठ्या उद्योगाला १.५, मध्यमला १, लहानला ०.५, दहा लाखांहून कमी वस्तीच्या ठिकाणाला १. म्हणजे लाल वर्गातला मोठा कारखाना, ३० दिवस: ८० × ३० × २५० × १.५ × १ = ९ लाख रुपये. मोठ्या आसवनीला ही रक्कम जड नाही. म्हणून भांडण 'दिवस' या आकड्यावर करायचं. मंडळ नमुन्याच्या तारखेपासून मोजतं. तुमच्याकडे आधीच्या तारखांचे पंचनामे आणि आवक शिक्के असतील तर दिवस मागे नेता येतात. पहिल्या तक्रारीचा शिक्का इथे पैशात मोजला जातो.

कागद बाहेर काढणं

संमतीपत्रं मंडळाच्या संकेतस्थळावर बघायला मिळतात. न मिळाल्यास जल अधिनियमाचं कलम २५(६) लक्षात ठेवा: संमतीच्या अटींची नोंदवही, त्या विसर्गाने बाधित किंवा संबंधित असलेल्या कुणालाही कार्यालयीन वेळेत पाहता येते. माहितीच्या अधिकारात मागायच्या गोष्टी: मागच्या तीन वर्षांचे पाहणी अहवाल आणि जेव्हीएस निकाल, दिलेल्या सर्व नोटिसा, जप्त केलेल्या बँक हमीचा तपशील, आणि फॉर्म ५ चं पर्यावरण विवरण, जे दर वर्षी ३० सप्टेंबरपर्यंत भरायचं असतं. फॉर्म ५ मध्ये कारखाना स्वतःच पाणीवापर आणि उत्पादन लिहितो. ते आकडे संमतीपत्राशी ताडून पाहा.

महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयाचा हवा, शुल्क १० रुपये. वरच्या चार गोष्टी एका अर्जात कोंबल्या तर तो परत येतो. चार अर्ज करा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांचं.

मंडळ हललं नाही तर

नाला तुंबून किंवा घाण साचून गावाला उपद्रव होत असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. हा मार्ग कमी वापरला जातो, पण जवळचा आहे.

जल अधिनियमाच्या कलम ४९ खाली नागरिक स्वतः न्यायालयात तक्रार करू शकतो, ६० दिवसांची नोटीस मंडळाला देऊन. त्या नोटिशीनंतर मागितलेले अहवाल मंडळाने द्यायचे असतात. पुष्कळदा नोटिशीनेच फाइल हलते. २०२४ च्या दुरुस्तीने अनेक गुन्ह्यांतली कैद काढून १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आणला. ती ज्या राज्यांनी ठराव करून स्वीकारली तिथेच लागू होते, म्हणून नोटीस लिहिण्याच्या दिवशी लागू असलेलं कलम वकिलाकडून तपासून घ्या.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम खंडपीठ पुण्यात आहे; गोव्यातली प्रकरणंही तिथेच जातात. वकिलाशिवाय स्वतः उभं राहता येतं. नुकसानभरपाई मागत नसाल तर शुल्क १,००० रुपये. मागत असाल तर रकमेच्या १ टक्का, किमान १,०००. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला माफ. पुराव्याच्या कायद्याचे काटेकोर नियम न्यायाधिकरणावर बंधनकारक नाहीत, त्यामुळे तुमचा खासगी प्रयोगशाळेचा अहवाल आणि पंचनामा तिथे वाचला जातो. सहसा ते मंडळ आणि जिल्हाधिकाऱ्यांची संयुक्त समिती नेमून अहवाल मागवतात. समिती येण्याचा दिवस कारखान्यालाही कळतो. त्या दिवशी नाला स्वच्छ असतो, म्हणून आधीच्या दोन-तीन महिन्यांच्या तुमच्या नोंदी समितीला लेखी द्या आणि पोच घ्या.

मुदती चुकल्या की सगळं पाण्यात. हरित न्यायाधिकरण कायद्याच्या कलम १४ खाली वाद उद्भवल्यापासून ६ महिने, कलम १५ खाली भरपाईसाठी ५ वर्षं. दोन्हींत सबळ कारण असेल तर ६० दिवस वाढ मिळते. 'दहा वर्षांपासून प्रदूषण होतंय' असं पहिल्याच परिच्छेदात लिहिणारा अर्जदार स्वतःच मुदतीचा मुद्दा समोरच्याच्या हातात देतो. ताजी घटना तारखेसह पुढे ठेवा, जुना इतिहास जोडपत्रात.

भरपाईसाठी नुकसान मोजलेलं हवं. विहिरीच्या पाण्याची वाहकता, मातीचा अहवाल, कृषी सहायकाचा पीक पंचनामा, मच्छीमार संस्थेचा ठेका आणि मागच्या वर्षांची विक्री. 'शेती नापीक झाली' याला किंमत लागत नाही. 'ऊस एकरी अमुक टनांवरून तमुक टनांवर, कारखान्याच्या वजनपावत्या सोबत' याला लागते.

बंदचा आदेश निघाला तरी कारखाना बँक हमी आणि अटींवर पुन्हा सुरू होतो, कधी थोड्याच दिवसांत. पुनरारंभाच्या आदेशाची प्रत मागून घ्या. त्यात अमुक तारखेपर्यंत नवी टाकी, तमुक तारखेपर्यंत बायपास तोडणे अशा तारखा असतात. त्या प्रत्येक तारखेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पेन घेऊन त्याच नाल्याच्या त्याच तीन जागांवर मोजा, आणि आकडे जुन्या आवक क्रमांकाचा संदर्भ देऊन मंडळाला पाठवा. गळीत हंगाम सुरू झाल्यावरचा पहिला पंधरवडा आणि वळवाचा पहिला पाऊस या दोन वेळा वहीत आधीच लिहून ठेवा.